पहिली दुभती गाय घेताना: वैरण, जात, दात, कास आणि कागद

"गाय बघून ठेवलीय. वीस लिटरची आहे म्हणतात. इसार देऊ का?"

असा फोन महिन्यातून चार-पाच वेळा येतो. मी विचारतो, वैरण किती आहे? पलीकडे शांतता. दूध कुठे घालणार? "ते बघू नंतर." गोठा? "पत्रे सांगितलेत." म्हणजे गाय आधी आणि बाकी सगळं मागून. मग चार महिन्यांत कडब्याचा दर बघून डोळे फिरतात आणि तीच गाय निम्म्या पैशांत बाजारात उभी राहते. गाईचा यात काही दोष नसतो.

खालचा क्रम मुद्दाम उलटा लावलाय. गाय सहाव्या टप्प्याला येते. आधीचे पाच टप्पे घरी, वही घेऊन, फुकटात होतात.

टप्पा १: वैरण आणि पाणी मोजा

साधारण ४०० किलो वजनाची संकरित गाय दिवसाला वजनाच्या तीन टक्के, म्हणजे १२ किलो कोरडं खाद्य खाते. कोरडं म्हणजे पाणी वजा करून. ओल्या चाऱ्यात जेमतेम पाचवा हिस्सा कोरडा असतो, बाकी पाणीच. म्हणून १० लिटर दूध देणाऱ्या गाईचा दिवस असा भरतो: हिरवी वैरण २० किलो, कडबा किंवा वाळका चारा ४ किलो, पशुखाद्य ५ किलो. पशुखाद्याचा हिशेब सोपा आहे. अंग राखायला एक किलो आणि दुधाच्या प्रत्येक लिटरमागे ४०० ग्रॅम. वर रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. पाणी ६० ते ८० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

आता वर्षाचं मांडा. हिरवा चारा सात टनांच्या वर, कडबा दीड टन. बारमाही पाणी असेल तर एका गाईला १० गुंठे नेपियर गवत आणि सोबत थोडा लसूण घास पुरतो. पाणी फेब्रुवारीत संपत असेल तर मुरघासाची सोय आधी करा. मका चिकात असताना कापून पिशवीत दाबलेला मुरघास मे महिन्यात जे काम करतो, ते दुसरं कशानेच होत नाही.

नुसत्या उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्यांवर, गाय पाळायची ठरवणारे पश्चिम महाराष्ट्रात खूप. वाढे पोट भरतात, दूध भरत नाहीत. शिवाय त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. वाढे द्यायचेच तर कुट्टी करून, थोडे, आणि खनिज मिश्रण न चुकवता.

तपासा: मे महिन्यात गव्हाणीत काय टाकणार, हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर इथेच थांबा.

टप्पा २: दूध कुठे जाणार?

जात यावरून ठरते. शेजाऱ्याकडे कोणती गाय आहे यावरून नाही.

संकलन केंद्रावर दूध घालणार असाल तर गाईच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून मोजला जातो. त्याखाली आलात की पॉइंटमागे कपात. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) रक्त जास्त असलेल्या गाईचं दूध भरपूर असतं, पण फॅट ३.५ च्या आसपास घुटमळतं आणि चारा बिघडला की एसएनएफ ८.२ वर येतं. अशा वेळी लिटर वाढतात आणि दर पडतो. गावातल्या केंद्रावर एक सकाळ उभे राहा आणि दोघा-तिघांच्या पावत्या बघा. कोणाच्या गोठ्यात काय आहे आणि मशिनवर काय उमटतं, हे अर्ध्या तासात कळतं.

घरपोच रतीब घालणार असाल, किंवा तूप करून विकणार असाल, तर गणित वेगळं. गीर, साहिवाल यांच्या दुधाला ४.५ च्या आसपास फॅट लागतं आणि शहरातलं गिऱ्हाईक त्याला वेगळा भाव देतं. पण गिऱ्हाईक आधी हवं. पुण्याजवळ दहा घरं नक्की झाली, मग गीर घेतली, असं करणारे टिकले. आधी तीन गीर आणल्या आणि मग व्हॉट्सअॅपवर देशी गाईच्या 'ए-टू' दुधाचे मेसेज फिरवले, त्यांनी शेवटी ते दूध केंद्रावरच ओतलं, इतरांच्याच दराने.

टप्पा ३: जात निवडा

जगभर गाईंच्या जाती दुधाच्या आणि मांसाच्या अशा मांडतात. अँगस, हियरफोर्ड या मांसाच्या: चौकोनी ठोकळ्यासारखं अंग, भरलेली पुठ्ठी, आखूड पाय. होल्स्टीन फ्रिजियन, म्हणजे आपली एचएफ, आणि जर्सी या दुधाच्या: पुढून निमुळती, मागे रुंद, बाजूने पाहिलं तर पाचर ठेवल्यासारखी. आपल्याकडे मांसाच्या कप्प्याच्या जागी ओढकामाचा कप्पा आहे. भारतातल्या गाईंच्या जाती दुधाच्या, ओढकामाच्या आणि दुहेरी कामाच्या अशा तीन प्रकारांत येतात. आणि राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. तुमच्या वहीसाठी याचा अर्थ एवढाच, की भाकड गाय आणि गोऱ्हा यांचा चारा तुमच्या खर्चात धरायचा. परदेशी पुस्तकातला नफ्याचा तक्ता इथे लागू पडत नाही.

आता एकेक.

*एचएफ संकरित.* दूध सगळ्यात जास्त, खाणंही जास्त, आणि ऊन सोसत नाही. पारा पस्तिशीच्या वर गेला की धापा टाकते, दूध तुटतं, माज (गाभ धरण्याची वेळ) दिसेनासा होतो. पंखा, फॉगर, सावली आणि दिवसभर पाणी देता येणार असेल तरच घ्या. परदेशी रक्त ५० ते ६२ टक्क्यांवर असावं. ७५ च्या वर गेलं की गोचीड तापापासून खुरांपर्यंत दवाखान्याचा खर्च वाढत जातो. आणि काळी-पांढरी दिसली म्हणजे रक्त जास्त, असं नसतं. रंग फसवतो, कृत्रिम रेतनाची नोंद फसवत नाही.

*जर्सी संकरित.* अंगाने लहान, रंगाने भुरी-तांबूस, कमी खाते. दूध एचएफपेक्षा कमी, पण फॅट चांगलं आणि ऊन त्या मानाने सोसते. फॅटवर दर घेणाऱ्या, चारा मोजका असलेल्या, पहिल्यांदाच गाय घेणाऱ्याला मी हीच सुचवतो. लोक नाक मुरडतात, कारण गोठ्यात ती मोठी दिसत नाही.

*फुले त्रिवेणी.* राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेला तिहेरी संकर: निम्मं रक्त एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. बाजारात या नावाने काहीही विकतात. वंशाचा कागद असेल तरच नाव माना.

*गीर.* मूळ सौराष्ट्राची. कपाळ पुढे फुगलेलं, कान लांब, लोंबते, पानासारखे वळलेले, शिंगं मागे जाऊन खाली वळणारी, डोळे अर्धे मिटल्यासारखे. चांगल्या गीरला एका वेतात, म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंत, १,५०० ते २,००० लिटर दूध मिळतं. "दिवसाला वीस लिटरची गीर" असते, पण ती विकायला सहसा येत नाही. बऱ्याच गीर वासराशिवाय पान्हा सोडत नाहीत, हे आधीच धरून चाला. पहिलं वेतही उशिरा, साडेतीन-चार वर्षांनी.

*साहिवाल.* पंजाबकडची, तांबडी, सैल कातडीची, स्वभावाने गरीब. दुधाला गीरच्या तोडीस तोड, कधी सरस.

*देवणी.* लातूर, उदगीर, नांदेडची. दुहेरी कामाची: बैल दमदार आणि गाय घरापुरतं, थोडं विकण्यापुरतं दूध देते. तिच्यात तीन प्रकार ओळखतात. अंग पांढरं आणि तोंड बाजूंनी काळं तो वानेरा, अंगाच्या खालच्या भागात काळे ठिपके तो बालंक्या, अंगभर काळे पट्टे-ठिपके तो शेवरा. मराठवाड्यात असाल तर हिचा विचार आधी करा, गीरच्या मागे धावण्याआधी.

*लाल कंधारी, डांगी, खिलार, गवळाऊ, कोकण कपिला.* कंधार-मुखेडकडची लाल कंधारी कमी चाऱ्यावर निभावते. डांगी इगतपुरी आणि नगरमधल्या अकोले भागातल्या धो-धो पावसाची; कातडीला तेलकटपणा असतो म्हणून पाणी अंगावर मुरत नाही. खिलार माणदेश, सोलापूर, सांगलीकडची, बैलांसाठी. तिच्याकडून डेअरीचं दूध मागणं म्हणजे घोड्याला नांगराला जुंपणं. गवळाऊ वर्धा-नागपूरची. कोकण कपिला लहान चणीची, लाल मातीच्या उतारावर चरून जगणारी. गोव्यात श्वेत कपिला आहे, तीही अशीच काटक. या जाती धंद्याच्या दुधासाठी घेऊ नका. जिथल्या आहेत तिथे, घरच्या दुधासाठी, बैलासाठी, शेणखतासाठी जरूर ठेवा.

सावधान: गीरच्या नावाखाली गीर-एचएफ किंवा गीर-जर्सी संकर सर्रास खपतो. कान आखूड आणि आडवे, वशिंड बसकं, गळ्याची पोळी आटलेली, बेंबीजवळची कातडी घट्ट, आणि भाव मात्र शुद्ध गीरचा, असं दिसलं की हात मागे घ्या. दूध द्यायला ती वाईट नसते. फक्त संकरित गाईचा भाव द्या.

टप्पा ४: "वीस लिटर"चा खरा अर्थ काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि धंदा इथेच बसतो.

गाय व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दुधाच्या शिखरावर येते, मग हळूहळू उतरते. विकणारा सांगतो तो आकडा शिखराचा. त्याला ३०५ ने गुणू नका, २०० ने गुणा. शिखराला १५ लिटर देणारी गाय वेतात सुमारे ३,००० लिटर देते, ४,५७५ नाही.

आता हे ३,००० लिटर दोन वेतांमधल्या दिवसांवर पसरा. पुढचं वेत ४०० दिवसांनी आलं तर रोजचे साडेसात लिटर. माज चुकला, गाय दोनदा उलटली (रेतन करूनही गाभ राहिली नाही) आणि वेत ५०० दिवसांवर गेलं, तर रोजचे सहा. गाय तीच, वैरण तीच, आणि दिवसाला दीड लिटर कुठे गेलं ते कळत नाही. म्हणून दुधाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं विचारणं हे: मागच्या वेतानंतर किती दिवसांनी गाभ राहिली?

गाईने रोज सरासरी किती लिटर दिले तर खर्च निघतो, हा आकडा तुमच्या भागातल्या दराने काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बाजारात जाताना ती वही खिशात ठेवा.

टप्पा ५: कोणत्या अवस्थेतली गाय?

पहिल्यांदा घेणाऱ्याने दुसऱ्या वेताची, व्यायला पंधरा ते तीस दिवस झालेली गाय घ्यावी. पहिल्या वेतातलं दूध, माज, स्वभाव सगळं माहीत झालेलं असतं, आणि आताचं दूध डोळ्यांसमोर काढून बघता येतं. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायची गाय, स्वस्त पडते पण कास आणि स्वभाव दोन्ही अंधारात. सात-आठ महिन्यांची गाभण घेणं म्हणजे सांगितलेल्या दुधावर पैसे मोजणं. कालवड घेऊन वाढवणं उत्तम, पण दीड-दोन वर्षं दुधाविना चारा घालायची ताकद असेल तर.

व्यायला तीन-चार दिवसच झालेली गाय मात्र घेऊ नका. वार पूर्ण पडली का, दुधाचा ताप येतो का, कास सुजते का, हे आठवडाभर तरी कळत नाही.

कुठून घ्यायची? शक्यतो गोठ्यातून, रोजची धार काढणाऱ्या माणसाकडून. घोडेगाव, काष्टी, लोणी, सांगोला, चाकण इथल्या बाजारांत निवड मोठी मिळते. पण तिथे गाय तिच्या घरापासून तुटलेली असते, आणि विचारायला माणूस व्यापारी असतो. बाजारात गेलातच तर पहिल्या दिवशी घेऊ नका. एक दिवस नुसता भाव बघायला जा.

टप्पा ६: गाय उभी करून बघा

आधी लांबून, मग जवळून. उलटं केलंत तर कासेवर नजर खिळते आणि लंगडणारा पाय दिसत नाही.

लांबून: वीस पावलं चालवा. पाय टाकताना डोकं हलतं का, मागचे पाय कासेला घासतात का? सडसडीत, फासळ्यांचा अंदाज येतो अशी दुभती गाय चांगली. गुटगुटीत चरबीची गाय दूध अंगावर घालते. अगदीच हाडं निघालेली असेल तर तिला काहीतरी आहे. गाय बसू द्या, रवंथ करते का बघा.

जवळून: नाकपुडी ओलसर, डोळा स्वच्छ, शेण फार पातळ नाही, खोकला नाही. शक्य असेल तर ताप मोजा, १०१ ते १०२ फॅरनहाइट ठीक. कान, शेपटीखाली आणि कासेच्या बेचक्यात गोचीड किती आहेत ते हाताने चाचपा.

दात: खालच्या जबड्यातले पुढचे आठ मोजतात, वर पुढे दात नसतातच. दुधाचे दात तो आदत. दोन-सव्वादोन वर्षांनी पहिली कायम जोडी येते, तो दुसा. तीनच्या आसपास चौसा, साडेतीन-चारला सहा दाती, पाचच्या सुमारास जुळलेली, म्हणजे आठही दात आलेली. दुसऱ्या वेताची म्हणून दाखवलेली संकरित गाय साधारण सहा दाती असायला हवी. तिचे दात जुळून झिजू लागले असतील तर दोन वेतं कुणीतरी खाल्लीत. गीर मात्र दुसऱ्या वेतात जुळलेली असू शकते, ती उशिरा व्यायते. शिंगावरची कडी मोजून वेत सांगणारे भेटतील. कानस मारून कडी घालवणारेही भेटतात.

कास: इथे वेळ घाला. कास पोटाला पुढे घट्ट चिकटलेली आणि मागे उंच असावी, घोट्याच्या खाली लोंबती नको. चारही भाग सारखे. चारही सड सारख्या अंतरावर, बोटाएवढे. प्रत्येक सड स्वतः दोनदा पिळा. एखादा मुका निघाला तर ती तीन सडांची गाय, भावही तसाच. कासेत दगडासारखी गाठ लागली तर जुनी दगडी (कासदाह) झालेली आहे. पोटाखालची दुधाची शीर जाड आणि नागमोडी असली तर बरं, पण नुसत्या शिरेवर गाय घेऊ नका.

सावधान: बाजारात कास भरलेली दिसते कारण आदल्या संध्याकाळची धार काढलेलीच नसते. काही ठिकाणी मीठ चारून वर पाणी पाजतात, म्हणजे पोट भरल्यासारखं दिसतं. वासरू तिचंच आहे का, तेही बघा. गाय वासराला चाटते का, वासरू थेट सडाला जातं का? उसनं वासरू बांधलेली गाय मी स्वतः पाहिलेली आहे.

टप्पा ७: लागोपाठ तीन धारा बघा

माझी पहिली गाय मी एका धारेवर घेतली. बादली अकरा लिटर भरली, मी तिथेच पैसे मोजले. घरी तिसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळचं मिळून नऊ. ती धार दोन वेळांची होती आणि ते मला घरी आल्यावर समजलं. विकणाऱ्याला काय बोलणार? दूध त्याने माझ्यासमोरच काढलं होतं.

म्हणून पद्धत ही:

१. पहिल्या दिवशी संध्याकाळी जा. ती धार पूर्ण काढायला लावा. हे दूध मोजायचं नाही, कास रिकामी करण्यासाठी आहे. रिकामी झाल्यावर कास मऊ पडून मागे घड्या पडल्या पाहिजेत. पिळूनही तशीच फुगलेली राहिली तर ते मांस आहे, दूध नाही.

२. दुसऱ्या दिवशी सकाळची धार. वेळ लिहून ठेवा, दूध मापाने मोजा.

३. त्याच दिवशी संध्याकाळची धार. दोन धारांमध्ये बारा तासांच्या आसपास अंतर हवं. या दोहोंची बेरीज म्हणजे आजचं दूध.

शक्य असेल तर यातली एक धार स्वतः काढा. लाथ मारते का, अनोळखी हाताला पान्हा देते का, ते कळतं. पान्हा सोडायला इंजेक्शन देतात का, हे स्पष्ट विचारा. सुईची सवय लागलेली गाय नुसत्या हाताला दूध देत नाही. पहिल्या चार पिचकाऱ्या काळ्या फडक्यावर मारा. गुठळी, पाण्यासारखं दूध, रक्ताची छटा दिसली तर सौदा तिथेच थांबवा. खोडीही विचारा: स्वतःचं दूध पिते का, व्याल्यावर अंग (गर्भाशय) बाहेर आलं होतं का? दुसऱ्या प्रश्नाला "थोडंसं" असं उत्तर आलं तर उठा.

टप्पा ८: तपासणी आणि कागद

पैसे देण्याआधी पशुवैद्यकाला सोबत न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा डॉक्टर नको, तुमचा. त्याच्याकडून एवढं करून घ्या:

चारही सडांची सीएमटी, म्हणजे कासदाहाची चाचणी. पॅडलच्या चार वाट्यांत दूध आणि द्रावण घालून हलवलं, की बिघडलेल्या सडाचं दूध चिकट होतं. वरून धड दिसणाऱ्या कासेतली लपलेली दगडी यातच सापडते.

ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपातासाठी रक्ताची तपासणी. हे टाळू नका. हा रोग माणसाला लागतो, अंगदुखीचा ताप महिनोन्महिने हटत नाही. एक गाय अख्खा गोठा बाद करू शकते. क्षयाची चाचणीही त्याच वेळी होते का, ते विचारा.

गाभण म्हणून सांगितली असेल तर हात घालून तपासणी. दोन महिन्यांच्या पुढचा गाभ अनुभवी डॉक्टर सांगतो.

कानातला बिल्ला. पिवळा, बारा आकडी. भारत पशुधन ॲपवर तो आकडा टाकला की लसीकरण, रेतन, वेत यांतलं जे नोंदलेलं असेल ते दिसतं. २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. विकणाऱ्याच्या तोंडातलं वेत आणि ॲपमधलं वेत जुळत नसेल तर ॲपवर विश्वास ठेवा. खरेदीनंतर मालक म्हणून तुमचं नाव लावून घ्या.

खरेदीची पावती बिल्ल्याच्या आकड्यासह, आणि आरोग्य दाखला. गाडी रस्त्यात अडवली गेली तर हेच दोन कागद विचारतात. विमा काढायचा तर तोही बिल्ल्याच्या आकड्यावर निघतो. पुढे बिल्ला गळून पडला तर लगेच नवीन मारून विमा कंपनीला कळवा. मेलेल्या गाईच्या कानात बिल्ला नसेल तर दाव्याचं काय होतं, ते गावात कुणालाही विचारा.

भावाची बोलणी आता, या सगळ्यानंतर. व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करायला सांगेल. सराव नसेल तर मोठ्याने बोला, त्यात काही कमीपणा नाही.

टप्पा ९: घरी आणणं

पहाटे किंवा रात्री आणा. गाडीत वाळू किंवा उसाचं पाचट पसरा म्हणजे पाय घसरत नाहीत. निघण्याआधी धार काढून घ्या, पोटभर खाऊ घालू नका, पाणी पाजा. आठव्या-नवव्या महिन्याची गाभण गाय लांबचा प्रवास करवू नका.

आणि एक गोष्ट जी कुणी करत नाही: विकणाऱ्याकडून त्याच्या वैरणीची आणि पशुखाद्याची दोन-तीन पोती सोबत घ्या. गाईच्या पोटातले जिवाणू त्या खाद्याला सरावलेले असतात. एकदम बदललंत तर अपचन, पोटफुगी आणि दूध अर्ध्यावर. आठ-दहा दिवस जुनं कमी, नवं जास्त, असं सरकवत न्या.

टप्पा १०: पहिले तीस दिवस

गोठ्यात आधीची जनावरं असतील तर नवी गाय २१ ते ३० दिवस वेगळी बांधा. वेगळी बादली, वेगळी गव्हाण, आणि धार सगळ्यात शेवटी तिची. लम्पी, लाळ्या खुरकूत असे रोग नव्या जनावरासोबतच येतात. २०२२ मध्ये लम्पीने हे सगळ्यांना दाखवून दिलं.

पहिल्या आठवड्यात दूध तुटेल. घाबरून सुई टोचायची नाही, खाद्य दुप्पट करायचं नाही. जागा, माणूस, पाणी सगळं नवं आहे. दहा दिवसांनी दूध टप्पा ७ मधल्या आकड्याच्या जवळ यायला हवं. दोन आठवड्यांनीही पाऊण नाही भरलं, तर डॉक्टर बोलवा आणि विकणाऱ्यालाही फोन करा.

या महिन्यातली कामं: गोचीड निर्मूलन, अंगावर आणि गोठ्याच्या भेगांतही, कारण गोचीड अंडी भिंतीत घालतात. जंताचं औषध डॉक्टरच्या सल्ल्याने. लसींची नोंद बघून राहिलेल्या लसी: लाळ्या खुरकूत सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पी वर्षातून एकदा. कालवड असेल तर चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस, एकदाच.

धारेनंतर सड औषधी द्रावणात बुडवा आणि अर्धा तास गाय बसू देऊ नका. सडाचं तोंड उघडं असतं आणि खाली शेण. धार संपली की गव्हाणीत चारा टाका, ती आपोआप उभी राहते.

आणि वही. व्याल्याची तारीख वर लिहा. त्यात ६० दिवस मिळवा, तिथून पुढे माजावर डोळा ठेवायचा. माज २१ दिवसांनी येतो, बारा-अठरा तास टिकतो, एचएफमध्ये बऱ्याचदा रात्रीच होऊन जातो, म्हणून झोपण्याआधी एक फेरी. सकाळी सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. रेतन करणाऱ्याला कांडीवरचा (वीर्याच्या नळीवरचा) वळूचा नंबर विचारा आणि तो लिहून घ्या. "चांगली कांडी आहे" हे उत्तर चालत नाही. गोऱ्ह्यांचा प्रश्न नको असेल तर लिंगनिर्धारित कांडी मागा, दहातल्या नऊ वेळा कालवड होते. पण ती धडधाकट कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईलाच वापरा, वारंवार उलटणाऱ्या गाईवर ती वाया जाते. रेतनाच्या तारखेपुढे २१ दिवसांची खूण करा. त्या दिवशी माज दिसला नाही तरी गाभण धरून बसू नका, दोन महिने भरले की तपासून घ्या. गाभ पक्का झाला की रेतनाच्या तारखेत २८० दिवस मिळवा, ती व्यायची तारीख. तिच्या ६० दिवस आधीची तारीख लाल पेनाने लिहा: त्या दिवशी दूध कितीही असो, गाय आटवायची.